व्यसन आणि प्रोबेशनभंगाची सुनावणी (अमेरिका)

अमेरिकेत गुन्हा सिद्ध झाला तरी प्रत्येकाला तुरुंगात टाकत नाहीत, काहींना अटी घालून बाहेर ठेवतात, त्याला प्रोबेशन म्हणतात. अट मोडल्याचा आरोप आला की कोर्टात सुनावणी लागते आणि तिथे व्यसनाचा विषय सारखा निघतो, कारण नशा करायची नाही आणि बोलावतील तेव्हा लघवीची टेस्ट द्यायची ही अट बऱ्याच जणांच्या कागदावर असतेच.

या पद्धतीची सुरुवातच मुळात एका दारुड्यापासून झाली. १८४१ साली बोस्टनमध्ये जॉन ऑगस्टस नावाच्या चांभारकाम करणाऱ्या माणसाने कोर्टात उभ्या असलेल्या एका दारुड्याचा जामीन स्वतः भरला, त्याची दारू सोडवली, तीन आठवड्यांनी परत आणला तर माणूस ओळखू येईना, आणि जजने १ सेंट दंड अन कोर्टाचा खर्च एवढ्यावर सोडून दिलं.

आजची सुनावणी मात्र खूप कोरडी असते. ज्युरी नसते, आणि फेडरल म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टात तसंच बहुतेक राज्यांत गुन्हा नि:संशय सिद्ध करावा लागत नाही, अट मोडली असण्याची शक्यता जास्त वाटली तरी पुरतं. सुप्रीम कोर्टाच्या १९७३ च्या गॅग्नन विरुद्ध स्कारपेली निकालाने सुनावणीचा हक्क पक्का केला, पण वकील प्रत्येक वेळी दिलाच पाहिजे असं काही म्हटलं नाही.

जजपुढे दोन प्रश्न असतात, अट मोडली का, आणि मोडली असेल तर आता काय करायचं. पहिल्या प्रश्नात व्यसन हा आजार आहे असं सांगून फारसं काही हाती लागत नाही. नुसतं व्यसनी असणं हा गुन्हा ठरवता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये सांगितलंय खरं, पण २०१८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च कोर्टाने व्यसनी माणसालाही नशामुक्त राहण्याची अट घालता येते आणि ती मोडली तर कारवाई होऊ शकते असाच निकाल दिला.

खरी लढाई दुसऱ्या प्रश्नावर होते. तोच रीलॅप्स, म्हणजे सुटलेली नशा परत सुरू होणं, एका जजला उपचार अपुरा पडल्याची खूण वाटते तर दुसऱ्याला हा माणूस बाहेर ठेवणं धोक्याचं आहे याचा पुरावा. फेडरल कायद्यात वर्षभरात तीनपेक्षा जास्त टेस्ट पॉझिटिव्ह आल्या तर प्रोबेशन रद्द करायचं असं लिहिलंय, पण टेस्टमध्ये नापास झालेल्याला उपचाराची सोय पाहून सूट द्यायची का याचा विचारही कोर्टाने करायचाय. म्हणून सुनावणीच्या आधीच उपचाराला भरती होऊन त्याचे कागद घेऊन येणाऱ्याची बाजू बरीच भक्कम होते.

एक गोष्ट फार लागते मनाला. व्यसनातून सुटायचं तर पहिल्यांदा खरं बोलावं लागतं, पण १९८४ च्या मिनेसोटा विरुद्ध मर्फी निकालानुसार प्रोबेशनवरच्या माणसावर देखरेख ठेवणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरला आपणहून सांगितलेलं साधारणपणे पुरावा म्हणून वापरता येतं, म्हणजे काल घेतली साहेब असं कबूल करणारा अडकतो आणि लपवणारा कधीकधी सुटतो, मग लोक टेस्टच चुकवतात, अपॉइंटमेंटला जात नाहीत, आणि वॉरंट निघतं ते त्या गैरहजेरीचं.

सुनावणी होईपर्यंत आत ठेवलं तर अजून वेगळा धोका आहे, शरीराची सवय मोडते आणि बाहेर आल्यावर जुन्याच प्रमाणात हेरॉइन किंवा फेंटॅनिल घेतलं तर जीव जातो, सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे यासाठी फार वाईट. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही हेरॉइनच्याच जातीची पण उपचारासाठी दिली जाणारी औषधं हा धोका कमी करतात, तरी काही कोर्टं त्यांनाच नशा समजून बंद करायला लावायची. डॉक्टरने लिहून दिलेलं हे औषध घेणाऱ्याला अपंगांच्या हक्कांच्या कायद्याचं संरक्षण आहे असं न्याय खात्याने २०२२ मध्ये स्पष्ट केलं, बेकायदा नशा चालू असलेल्याला मात्र ते सहसा मिळत नाही.

१९८९ मध्ये मायामीत पहिलं ड्रग कोर्ट, म्हणजे नशेच्या खटल्यांसाठी वेगळं कोर्ट, सुरू झालं. अशा कोर्टात प्रत्येक वेळी जज तोच असतो आणि माणसाला दर काही दिवसांनी त्याच्यापुढे यावं लागतं, टेस्ट पॉझिटिव्ह आली तर आधी उपचार वाढवायचा का ते बघतात, आणि जेलची वेळ आलीच तरी ती बरेचदा थोड्या दिवसांची असते.