डी मोलचा रणगाडा आणि १९१९ चा निवाडा

रणगाड्याचा जनक कोण, हा वाद निघाला की ऑस्ट्रेलियातून एक नाव हमखास पुढे येतं: लान्सलॉट डी मोल. फ्रान्समधल्या सॉमच्या आघाडीवर १५ सप्टेंबर १९१६ ला ब्रिटिशांचे रणगाडे पहिल्यांदा लढाईत उतरले, त्याच्या चार वर्षं आधीच त्याने चिलखती गाडीचे नकाशे लंडनच्या युद्धखात्याकडे धाडले होते. याबद्दल कुणाचं भांडण नाही. भांडण आहे ते १९१९ मध्ये त्याच्या पदरात काय पडलं यावरून.

डी मोलचा जन्म १८८० चा, ॲडलेडचा. पेशाने इंजिनिअर. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खडबडीत रानातून हिंडताना १९११ मध्ये त्याला ही कल्पना सुचली. सुचलेला तो एकटाच नव्हता. त्याच सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यातल्या एका अधिकाऱ्यानेही असाच प्रस्ताव दिला होता आणि तिथेही तो बासनातच गेला. डी मोलचं वेगळेपण होतं गाडी वळवण्याच्या युक्तीत. दोन्ही बाजूंच्या साखळीपट्ट्यांनाच धनुष्यासारखा किंचित बाक द्यायचा, की गाडी त्या रोखाने वळते. ब्रिटिशांचा १९१६ चा पहिला रणगाडा, मार्क वन, वळवायला आतल्या आठांपैकी चार जणांना कामाला लागावं लागे आणि मागे चाकांचं एक शेपूटही जोडलेलं होतं. ते शेपूट पुढे काढूनच टाकलं. कागदावर तरी डी मोलची रचना जास्त सुटसुटीत होती.

१९१३ मध्ये नकार आला. पर्थमधल्या मित्रांनी सुचवलं की जर्मन वकिलातीला विकून टाक. त्याने ते मानलं नाही. युद्ध पेटल्यावर त्याने पुन्हा खटपट केली, एक-अष्टमांश मापाचं चालतं मॉडेल बनवून घेतलं आणि १९१७ मध्ये साधा शिपाई म्हणून भरती होऊन ते मॉडेल घेऊन इंग्लंड गाठलं. तिथल्या तपासणी समितीला ते पसंत पडलं, शिफारसही झाली. पण एका दारातून दुसऱ्या दारात जायला मॉडेलला कित्येक आठवडे लागले. तेवढ्यात मार्च १९१८ चा जर्मन हल्ला आला आणि शिपाई डी मोलची रवानगी फ्रान्सला झाली.

युद्ध संपल्यावर शोधकांना बक्षिसं देण्यासाठी शाही आयोग बसला. रणगाड्यावर हक्क सांगणारे बरेच होते. प्रत्यक्ष गाडी घडवणाऱ्या दोघा इंजिनिअरांना मिळून १५,००० पौंड मिळाले. डी मोलविषयी आयोगाने जे लिहिलं ते बक्षीस नाकारताना सहसा कुणी लिहीत नाही: १९१२ मधलाच हा शोध अतिशय हुशारीचा आहे, वापरात आलेल्या रणगाड्याच्या आधीचा आहे, काही बाबतींत त्याहून सरसही आहे, तो काळाच्या पुढे होता हे त्याचं दुर्दैव, त्याचा दोष नव्हे. आणि तरीही बक्षीस नाही. कारण नियम असा, की दावेदाराचा शोध आणि सरकारने वापरलेली वस्तू यांच्यात कार्यकारणसंबंध सिद्ध झाला पाहिजे. मार्क वन घडवणाऱ्यांनी डी मोलचे नकाशे पाहिल्याचा पुरावा नव्हता.

इथेच खरी मेख आहे. नियम म्हणून तो चूक नव्हता. नाहीतर ज्याने कधीकाळी वहीत लोखंडी गाडी रेखाटली त्या प्रत्येकाला पैसे मोजावे लागले असते. पण नकाशे कुणाच्या कपाटात होते? ज्या खात्याने ते वर्षानुवर्षं दाबून ठेवले, त्याच खात्याच्या कपाटातून ते बाहेर आले नाहीत, हेच दावेदाराच्या विरोधात गेलं. दुर्लक्षाचा फायदा दुर्लक्ष करणाऱ्याला झाला. ऑस्ट्रेलियात अधूनमधून ‘नकाशे चोरले’ असंही म्हटलं जातं. त्याला आधार नाही, आणि त्याने उलट डी मोलची बाजू लंगडी होते. चोरी झाली असती तर तो जिंकला असता. त्याचे कागद रणगाडा घडवणाऱ्यांनी चाळल्याचं दिसलं नाही म्हणून तो हरला.

खर्चापोटी त्याला हजार पौंडांना थोडी कमी अशी रक्कम मिळाली, मानद कॉर्पोरलची पट्टी मिळाली आणि १९२० मध्ये सीबीई हा ब्रिटिश सन्मान. पुढे तो सिडनीत पाणीपुरवठ्याच्या खात्यात इंजिनिअर म्हणून राहिला आणि १९५० मध्ये वारला. त्याचं मॉडेल कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहे.

त्याच्या चाहत्यांनी एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. त्याची गाडी पूर्ण आकारात कधी बनलीच नाही, त्यामुळे ‘सरस’ हा आयोगाचा शब्द नकाशे आणि मॉडेलपुरताच खरा. पट्ट्याला बाक देऊन वळवण्याची युक्ती पुढे खरोखर चालली ती ब्रेन कॅरिअरमध्ये. दुसऱ्या महायुद्धात भारतीय पलटणींनीही वापरलेली ही छोटी उघडी गाडी. चालकाने चक्र थोडं फिरवलं की पट्टे वाकत आणि गाडी हलकेच वळे. चक्र जास्त फिरवलं तर मात्र एका बाजूच्या पट्ट्याला ब्रेक लागे. म्हणजे लहान वळणाला ही युक्ती तिथेही अपुरीच होती. आणि कॅरिअरचं वजन चार टनांच्या आसपास. मार्क वन २८ टनांचा होता.