ट्रॉली ढकलते तेव्हा

आष्टा ते सांगली हा रस्ता ऊसाच्या हंगामात किती वेळाचा, हे पुढं कुठला ट्रॅक्टर लागलाय त्यावर ठरतं. पुढं ट्रॅक्टर, त्याच्यामागं दोन ट्रॉल्या, हौद्याच्या वर पुरुषभर रचलेला ऊस, स्पीकरवर ठणाणा गाणी आणि मागून कांडं उपसायला पळणारी पोरं. लहानपणी मीही पळालोय. आमच्या चुलत्यांची दोन ट्रॉल्यांची जोडी कारखान्याला लागलेली असायची. हंगामात ते एकच वाक्य बोलायचे: “वढायचं सोप्पं हाय, आवरायचं बघा.”

त्या वाक्यात किती भौतिकशास्त्र आहे, ते मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं.

आधी ओढण्याचं गणित करू. डांबरी रस्त्यावर टायर लोळवायला साधारणपणे वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास जोर लागतो. अडीच टनांचा ट्रॅक्टर आणि मागं दोन भरलेल्या ट्रॉल्यांचे २० टन धरले, तर एकूण साडेबावीस टन. सपाटीवर ते हलते ठेवायला सुमारे ४५० किलोंचा जोर पुरतो. ताशी २० किलोमीटर वेगाला त्याचे ३०-३५ अश्वशक्ती होतात. म्हणजे ४५-५० अश्वशक्तीचा साधा ट्रॅक्टर हे काम गाणी ऐकत करतो. शेतातून बाहेर पडताना मात्र हाच आकडा पाच-दहा पटींनी वाढतो, कारण ओल्या काळ्या मातीत चाक लोळत नाही, रुतून स्वतःपुढं चढ तयार करतं. म्हणून फडातून सडकेपर्यंत एकेक ट्रॉली काढायची आणि सडकेवर जोडी लावायची, ही पद्धत.

आता थांबवण्याचं. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक असतो तो फक्त मागच्या दोन चाकांना. ट्रॉलीला बऱ्याचदा ब्रेकच नसतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर समजा १.६ टन भार आहे. रबराची डांबरावरची पकड त्या भाराच्या ०.६ पट धरली, तर ब्रेकचा सगळ्यात जास्त जोर जेमतेम एक टन. साडेबावीस टनांचा लवाजमा आणि त्याला धरायला एक टनाचा हात! टायर लोळवायला लागणारा जोर इथं आपल्या मदतीला येतो, तोही धरून हिशोब केला तर ताशी २० ला थांबायला सुमारे २५ मीटर लागतात आणि ताशी ३० ला ५५. वेग दीडपट, अंतर सव्वादोन पट. शिवाय ड्रायव्हरच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत गेलेले मीटर वेगळेच.

हे झालं सपाटीचं. शिराळ्याकडच्या उतारांवर काय होतं ते पाहा. २० फुटांना १ फूट उतरणाऱ्या रस्त्यावर वजनाचा विसावा हिस्सा खाली ओढत असतो. तेवढ्यानं आपल्या ब्रेकची सगळी ताकद खाल्ली जाते, थांबवायला उरतो तो फक्त टायर लोळवायचा जोर आणि ताशी २० ला थांबायचं अंतर शंभर मीटरच्या वर जातं. उतार १५ ला १ झाला की हिशोब संपतो. ब्रेक पूर्ण दाबलेला, चाकं घासतायत आणि गाडी थांबत नाही. यात ब्रेकचा काहीच दोष नाही, तो अगदी नवा असला तरी हेच होणार. “गिअरमध्ये ठेवली होती की” असं कुणी म्हणेल. पण इंजिनाचं आवरणंही त्याच दोन चाकांतून रस्त्यापर्यंत पोचतं, पकड तेवढीच. खालच्या गिअरचा खरा उपयोग म्हणजे वेग मुळात वाढूच देत नाही आणि ब्रेक तापत नाहीत. म्हणून गिअर उताराच्या माथ्यावर बदलायचा, मधे नव्हे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांबद्दल चुलते जे बोलायचे ते इथं छापता येणार नाही.

ट्रॅक्टर थांबू पाहतो तेव्हा ट्रॉली थांबू पाहत नसते. ती जोडणीच्या दांडीतून ट्रॅक्टरला पुढं ढकलते. सरळ रेषेत असताना हे कळतही नाही. वळणात असताना मात्र तो धक्का ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला आडवा बसतो, ट्रॅक्टर फिरतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते, चाकू मिटावा तसा सगळा सांगाडा दुमडतो. यात ट्रॅक्टरची स्वतःची एक भर आहे. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक पेडल असतात, शेतात जागच्या जागी वळायला. सडकेवर येताना ते दोन्ही पट्टीनं एकमेकांना अडकवायचे असतात. ती पट्टी लावायची राहिली आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला, तर एक चाक थांबतं, दुसरं पळतं आणि उरलेलं काम मागची ट्रॉली करते.

या ढकलण्याचाच उपयोग करून घेणारा एक सुंदर ब्रेक आहे. ओढणारी गाडी मंदावली की ट्रेलर पुढं सरकू पाहतो, दांडीचा पुढचा भाग आत दाबला जातो आणि तोच दाब तारेनं ओढून ट्रेलरच्या चाकांना ब्रेक लावतो. जेवढा धक्का, तेवढा ब्रेक. युरोपात मोटारीमागच्या ७५० किलोंहून जड ट्रेलरला ब्रेक असलाच पाहिजे, आणि तो बहुधा या जातीचा असतो. मोठ्या वजनाला हवेचा ब्रेक लागतो. रेल्वेचा हाच प्रश्न जॉर्ज वेस्टिंगहाउसनं १८६९ च्या सुमारास हवेच्या दाबानं सोडवायला घेतला. पुढच्या सुधारणेत त्यानं युक्ती अशी केली, की नळीत दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेला राहतो आणि नळी तुटली की आपोआप लागतो. डबा सुटून मागं पळालाच तर थांबतो. दीडशे वर्षांपूर्वीची ही अक्कल आपल्या ऊसवाहतुकीत अजून पुरती उतरलेली नाही, याचं मला दर हंगामात नवल वाटतं.

मग ट्रॉली घ्यायची ती दोन चाकी की चार चाकी? दोन चाकीचा धुरा, म्हणजे चाकांना जोडणारा आडवा दांडा, हौद्याच्या मध्यापेक्षा थोडा मागं असतो, त्यामुळं वजनाचा काही हिस्सा हुकावर येतो. पाच टनांतला एक टन हुकावर आला तर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड वाढते. वरचाच हिशोब मांडला तर ताशी २० ला सातेक मीटरमध्ये गाडी थांबते. खत, वीट, माती, द्राक्षबागेतली कामं, अरुंद बांध यांना हीच बरी. चार चाकीचा सगळा भार तिच्याच चाकांवर असतो, पुढचा धुरा गोल चकतीवर फिरतो आणि हुकावर जवळजवळ काहीच येत नाही. म्हणून ती जास्त माल घेते, तिच्यामागं दुसरी जोडता येते आणि म्हणूनच तिला आवरताना ट्रॅक्टर इतका हलका पडतो. ब्रेक नसलेली चार चाकी जोडी स्वस्तात मिळाली म्हणून घेणं मला तरी पटत नाही.

मागं घेण्याचा फरकही मोठा आहे. पुढं ओढताना ट्रॉली दोरीसारखी वागते, आपोआप सरळ होते. मागं ढकलताना ती तळहातावर उभ्या धरलेल्या काठीसारखी होते, जरा कलली की कलतच जाते आणि सतत सावरावी लागते. दोन चाकीत सांधा एक, म्हणजे काठी एक. चार चाकीत दांडीचा आणि फिरत्या चकतीचा असे दोन, जोडीत चार. काठीवर काठी अशा चार काठ्या तोलायच्या. कारखान्याच्या यार्डात लोक जोडी सोडून एकेक ट्रॉली का हलवतात, ते यावरून कळेल.

गावठाणातल्या वळणावर आणखी एक गंमत होते. प्रत्येक धुरा पुढच्यापेक्षा आतून जातो. ट्रॅक्टरची मागची चाकं ८ मीटर त्रिज्येनं वळली, तर चार चाकींच्या जोडीतलं शेवटचं चाक पावणेदोन मीटर तरी आतून येतं. कोपऱ्यावरच्या कट्ट्याचे दगड दरवर्षी का निखळतात, ते ग्रामपंचायतीला ठाऊक असो-नसो.

हुक कुठं लावायचा हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण माणसं त्यानंच जातात. ओढण्याचा जोर जमिनीपासून जितक्या उंचीवर लागतो, तितकं पुढच्या चाकांवरचं वजन उचलून मागं जातं. ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २ मीटर अंतर, जोर एक टन आणि हुक अर्धा मीटर उंच असेल तर पुढून २५० किलो कमी होतात. हुक एक मीटरवर नेला तर ५००. पुढच्या धुऱ्यावर मुळात असतात आठ-नऊशे किलो. त्यात ट्रॉलीचा भार हुकावर असला तर तो मागून आणखी उचलतो. पुढची चाकं रस्त्याला नुसती टेकलेली असली की स्टिअरिंग फिरतं, ट्रॅक्टर वळत नाही. म्हणून हुक खालच्या ठरलेल्या जागीच लावायचा, पिनेला कुलपी काटा घालायचा आणि दांडीखालून फुलीसारख्या दोन साखळ्या. पिन तुटलीच तर दांडी त्या फुलीच्या झोळीत पडते, रस्त्यात रोवत नाही.

जीप किंवा पिकअपमागं जनरेटरचा छोटा ट्रेलर नेणाऱ्यांचा शत्रू वेगळा. वजन मागं भरलं आणि हुकावर भार कमी पडला की ठरावीक वेगाच्या वर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. एकूण वजनाच्या दहा-पंधरा टक्के भार हुकावर ठेवावा, असा जुना आडाखा आहे. शेपटी हललीच तर स्टिअरिंगशी झोंबू नये, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडावा. सावरायला जाल तर माणसाचा उशीर त्या झोक्याला खतपाणी घालतो.

ऊस वजनाला हलका आणि पसाऱ्याला मोठा, म्हणून तो उंच चढतो. डाव्या-उजव्या चाकांत १.८ मीटर अंतर असलेल्या ट्रॉलीचा वजनमध्य, म्हणजे सगळं वजन जिथं एकवटलंय असं धरतात तो बिंदू, जमिनीपासून १.२ मीटरवर असेल, तर कागदावर ती ३७ अंश कलेपर्यंत उभी राहते. तोच मध्य १.८ वर गेला की २७ अंशांत आडवी. रस्त्यावर स्प्रिंगचे पाटे दबतात, टायर चेपतात, त्यामुळं खरा आकडा याहूनही कमी. पुढचं एक चाक साइडपट्टीवरून खाली उतरलं की बास.

देखभालीत निम्मं लक्ष चाकाच्या तुंब्याला, म्हणजे बेअरिंग बसतं त्या मधल्या भागाला द्यावं. कोनी बेअरिंग पूर्ण आवळलं की तापतं, सैल ठेवलं की खडखडतं. नट घट्ट करून किंचित मागं सोडायचा आणि चाक जॅकवर उचलून हलवून बघायचं. फेरी संपली की ट्रॉली तशीच कृष्णेत घालून धुणारे पुष्कळ आहेत. तापलेल्या तुंब्यातली हवा गार पाण्यात एकदम आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. ग्रीस पांढरट दिसलं तर समजा पाणी गेलंय. होडीच्या ट्रेलरवाल्यांना हे पक्कं माहीत असतं, आपल्याकडं ते बेअरिंग जळाल्यावर कळतं. तासभर थांबून धुतलं तर काही बिघडत नाही. हवा कमी असलेलं टायर जास्त चेपतं आणि प्रत्येक फेऱ्याला आतून तापतं, म्हणून हवा गार टायरमध्ये, सकाळीच बघायची. चाक बदललं की पन्नासेक किलोमीटरनं नट पुन्हा आवळायचे. ऊसाचा रस आंबट असतो, आंबला की आणखी. तळाच्या पत्र्यावर पाचटाखाली तो साचू दिला तर गंज तिथूनच सुरू होतो.

हंगाम संपला की चुलते ट्रॉल्या गोठ्यामागं न्यायचे, धुऱ्याखाली ओंडके घालून टायर जमिनीपासून उचलायचे आणि त्यावर पोती टाकायचे. हंगामात मात्र कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत ते खाली उतरून आठही तुंब्यांना पालथा हात लावत एक फेरी मारायचे. सात कोमट आणि एक चटका देणारा निघाला, की त्या रात्री माघारी यायला आम्हाला उशीर व्हायचा.