रस्त्यावरची शेरेबाजी आणि कायदा : हेतू कोणी सिद्ध करायचा?

रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी बाईला उद्देशून शिट्टी मारणे किंवा शेरा टाकणे हा गुन्हा आहे की नुसता वाह्यातपणा, हा वाद गेल्या दहा-बारा वर्षांत पेटला असला तरी तो नवा नाही. स्पेनमध्ये अशा शेऱ्याला ‘पिरोपो’ म्हणतात. ती दाद आहे की आगळीक, याविषयी तिथे फार पूर्वीपासून दोन तट आहेत. हुकूमशाहीच्या काळात, १९२८ साली आलेल्या दंडसंहितेने हा प्रकार शिक्षापात्र ठरवला आणि दाक्षिण्य दाखवण्याच्या हेतूने बोललो, ही सबबसुद्धा मोडीत काढली. १९३१ मध्ये प्रजासत्ताक आल्यावर ती संहिताच रद्द झाली. हेतू विचारातच न घेण्याची ही तरतूद हुकूमशाहीने करावी, हा योगायोग अशा कायद्यांच्या विरोधकांना पुढे फार सोयीचा वाटला असता.

आज चाललेल्या चर्चेचे मूळ मात्र अलीकडचे आहे. २०१२ मध्ये ब्रुसेल्सच्या रस्त्यांवरून चालताना ऐकाव्या लागणाऱ्या शेऱ्यांचे एका विद्यार्थिनीने छुप्या कॅमेऱ्याने चित्रण केले. त्यावरून गदारोळ उठला आणि २०१४ मध्ये बेल्जियमने लिंगभेदमूलक अपमानाविरुद्ध कायदा केला. त्या कायद्याखालच्या पहिल्या बहुचर्चित शिक्षेत अपमान झालेली व्यक्ती वाटसरू बाई नव्हती, तर रस्त्यात हटकणारी महिला पोलीस होती, ही बाब पुरेशी बोलकी आहे. एकट्या वाटसरू बाईकडे शेरा टाकणाऱ्याचा नाव-पत्ता नसतो, साक्षीदार नसतो आणि तो तोवर गर्दीत दिसेनासा झालेला असतो.

फ्रान्सने २०१८ मध्ये ही अडचण जागेवरच दंड करून सोडवायचे ठरवले. मात्र प्रत्यक्षात त्यासाठी पोलिसाने प्रकार स्वतः पाहिलेला असावा लागतो. त्याच वर्षाच्या जानेवारीत सुमारे शंभर स्त्रियांनी एका पत्रातून पुरुषांच्या ‘त्रास देण्याच्या स्वातंत्र्याची’ बाजू घेतली होती. दुसरीकडे, हा दंड गरीब आणि स्थलांतरितांच्या वस्त्यांमधल्या तरुणांवरच पडेल, असा इशारा काही अभ्यासकांनी दिला होता. हा दुसरा आक्षेप पहिल्यापेक्षा अधिक गंभीर होता, तरी चर्चेत कमी आला.

सर्वांत अधिक गैरसमज झाला तो नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या निकालाबाबत. या शहराने २०१८ च्या सुरुवातीपासून सार्वजनिक जागी शब्द, हावभाव वा आवाज यांतून इतरांना त्रास देण्यावर स्थानिक नियमाने बंदी घातली आणि वर्षअखेरीस एका पुरुषाला दंडही झाला. त्याने बायकांना उद्देशून शेरे मारले होते आणि हवेतल्या हवेत चुंबने फेकली होती. २०१९ च्या डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले आणि ‘शेरेबाजीला मोकळीक’ अशा अर्थाने तो निकाल सर्वत्र वाचला गेला. वास्तविक त्या वर्तनाने कोणाला त्रास झाला नाही, असे न्यायालयाने म्हटलेच नव्हते. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बंधन घालायचे तर ते देशाच्या संसदेने केलेल्या कायद्यानेच घालता येते, नगरपालिकेला तो अधिकार नाही, एवढाच त्याचा आधार होता. म्हणजे प्रश्न अधिकारक्षेत्राचा होता, पण तो सोडवायला पुढे आणखी साडेचार वर्षे गेली. एवढ्या काळात शहराच्या पोलिसांच्या हाती या बाबतीत फारसे काही उरले नव्हते.

फिलिपाईन्सने मात्र २०१९ मध्ये संदिग्धता ठेवलीच नाही. तिथल्या कायद्यात शिट्टी मारण्याचा स्पष्ट उल्लेख आहे आणि पहिल्या वेळी १,००० पेसो दंडासह १२ तासांची समाजसेवा ठरवलेली आहे. असे प्रकार यादीत घालण्याचा फायदा पोलिसाला कळतो. तोटा असा की यादीत न बसणारी आगळीक सहज निसटते.

नेदरलँड्सचा देशव्यापी कायदा अखेर १ जुलै २०२४ रोजी लागू झाला. योगायोगाने त्याच दिवशी भारतात नवी न्याय संहिता अमलात आली. डच कायद्याचा भर वर्तनाच्या स्वरूपावर आहे, म्हणजे ते भीती घालणारे, मानहानी करणारे किंवा दुखावणारे मानले जाते का, यावर. भारतीय संहितेच्या ७९ व्या कलमाने मात्र १८६० च्या दंडसंहितेतील ५०९ व्या कलमाचा पाया तसाच ठेवला आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची आहे, परंतु स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याचा आरोपीचा हेतू होता, हे आजही फिर्यादी पक्षालाच दाखवून द्यावे लागते.