वजनाखालचा दोर: प्रस्तरारोहणातील स्व-बचावाची पार्श्वभूमी

जोडीदार जखमी होऊन दोरावर लटकला आहे आणि त्याचे वजन बिले देणाऱ्याच्या, म्हणजे खालून दोर धरून पडणे रोखणाऱ्याच्या, हातात आहे. हात सोडता येत नाही आणि ताणलेली गाठ सुटत नाही. स्व-बचावाचे बहुतेक तंत्र याच पेचातून घडले.

1931 मध्ये ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी वजन आले की दोराला आवळणारी आणि वजन काढले की सरकणारी गाठ प्रसिद्ध केली. 10 मिमी दोरावर ती साधारण 6 मिमी दोरीने, तीन वेढ्यांनी बांधतात. दोरी दोराइतकीच जाड असली तर पकड राहत नाही. 1936 मध्ये स्वित्झर्लंडमधील आयगर शिखराच्या उत्तर भिंतीवर जर्मन गिर्यारोहक टोनी कुर्त्स मदतनीसांच्या काही मीटर वर अडकला. दोन दोर जोडणारी गाठ कॅराबिनरमधून (दोर अडकवायच्या धातूच्या कडीतून) जाईना, गोठलेल्या हातांनी ती पार करता येईना, आणि तो तिथेच मरण पावला. वजन असताना गाठ ओलांडणे आज प्रत्येक गंभीर प्रशिक्षणात शिकवले जाते, आणि शिकवलेच पाहिजे.

वनस्पतींच्या तंतूंचे जुने दोर मोठ्या पडण्यात तुटत. नायलॉन आले, 1953 मध्ये एडेलरिडने गाभा आणि वेष्टन असलेला दोर आणला, आणि पडलेला चढाईपटू वाचू लागला. म्हणजेच त्याला खाली आणण्याचा प्रश्न नेहमीचा झाला. 1970च्या दशकात स्विस मार्गदर्शक वेर्नर मुंटर यांनी रुळवलेल्या, त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुंटर गाठीमुळे वजन असतानाही दोर सोडता येऊ लागला. म्यूल गाठीने, म्हणजे वजन असतानाही सोडता येणाऱ्या फासाने, तीच बांधूनही ठेवता येते.

बिलेतून सुटण्याचा क्रम असा: बिले उपकरण म्यूल गाठीने बांधून तिच्यावर साधी गाठ मारा. वजन असलेल्या दोरावर हाताच्या टप्प्यात प्रुसिक घाला. लांब घातला तर नंतर पोचता येत नाही. प्रुसिकची दोरी मुंटर-म्यूलने अँकरला (खडकात पक्क्या केलेल्या आधाराला) जोडा, मुख्य दोरही तसाच अँकरला बांधून पाठराखण करा. मगच उपकरणातली गाठ सोडून वजन हळूहळू प्रुसिकवर सरकवा. इथे सर्वांत घातक चूक अँकरची असते: लीडर (पुढे चढणारा) पडला तर ताण वरच्या दिशेने येतो, आणि फक्त खालच्या ओढीसाठी रचलेला अँकर उपटून निघू शकतो.

जखमीला वर ओढायचे असेल तर 3:1 रचना (ओढीचे बळ तिप्पट करणारी दोराची मांडणी) वापरतात, पण पुलीऐवजी कॅराबिनर असतील तर घर्षणामुळे प्रत्यक्ष फायदा 2:1 च्या आसपासच उरतो. म्हणून शक्य असेल तेव्हा खाली सोडणेच बरे. पण लीडरपर्यंत अर्ध्याहून जास्त दोर गेला असेल, तर त्याला बिलेच्या जागेपर्यंत थेट सोडता येत नाही. दोर पुरत नाही. 60 मीटरच्या दोरावर ही मर्यादा 30 मीटर.