पार्श्वभूमी: जॅझची आवड रेडिओने कशी घडवली

जॅझ ऐकणारे दोघे भेटले की थोड्याच वेळात बोलणं वादकांवर येतं. कोलमन हॉकिन्सचा भरदार सॅक्सोफोन की लेस्टर यंगचा हलका, तरंगता? ट्रम्पेटवर डिझी गिलेस्पी की माइल्स डेव्हिस? वाद रंगात आला की कुणीतरी म्हणतंच, "मी त्याला पहिल्यांदा रेडिओवर ऐकलं तेव्हा..." या वाक्याकडे नीट लक्ष द्यायला हवं. आपल्या भागात कुठलं स्टेशन लागायचं, कार्यक्रम किती वाजता असायचा आणि माइकसमोर कोण बसायचं, यावर जॅझच्या रसिकांच्या कित्येक पिढ्यांची आवड ठरली आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या नाचघरांपासून होते. १९२०च्या दशकात स्टेशनं नाचघरात माइक ठेवत आणि टेलिफोनच्या तारेवरून तिथलं संगीत थेट स्टुडिओत आणून प्रसारित करत. याला 'रिमोट' म्हणत. रात्री उशिराची वेळ स्वस्तात भरून निघे आणि नाचघराची जाहिरातही होई. डिसेंबर १९२७ मध्ये ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या कॉटन क्लबमध्ये वाजवू लागला. मंचावरचे कलाकार कृष्णवर्णीय आणि समोर बसणारे ग्राहक फक्त गोरे, असा त्या क्लबचा नियम. रेडिओच्या लहरींना असा दरवान अडवू शकत नव्हता. ज्या हार्लेमकरांना त्या दारातून आत जाता येत नव्हतं, त्यांच्याही घरात एलिंग्टन पोहोचला आणि काही वर्षांत देशभर माहीत झाला.

घड्याळानेही आपलं काम केलं. डिसेंबर १९३४ पासून एनबीसी या रेडिओ नेटवर्कवर दर शनिवारी रात्री तीन तासांचा नृत्यसंगीताचा कार्यक्रम होत असे. त्यात क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनचा वाद्यवृंद फ्लेचर हेंडरसनने बांधून दिलेल्या रचना वाजवायचा. पूर्व किनाऱ्यावर त्याची पाळी येईपर्यंत मध्यरात्र उलटलेली असे. पश्चिम किनाऱ्यावर घड्याळ तीन तास मागे, त्यामुळे तिथली तरुण मुलं जागी असत. पुढच्या वर्षी गुडमन दौऱ्यावर निघाला तेव्हा वाटेत बऱ्याच ठिकाणी थंड प्रतिसाद मिळाला. २१ ऑगस्ट १९३५ ला लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये त्याने हेंडरसनच्या रचना काढल्या आणि मुलांनी मंचाला गराडा घातला. ते संगीत त्यांच्या ओळखीचं होतं.

पियानोवादक आणि वाद्यवृंदप्रमुख काउंट बेसीची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. १९३६ मध्ये तो कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबमध्ये वाजवत होता आणि एक छोटं प्रायोगिक स्टेशन ते प्रसारित करत होतं. शिकागोत मोटारीत बसून रेडिओची खुंटी फिरवणाऱ्या जॉन हॅमंडच्या कानांवर ते सूर अचानक पडले. हॅमंड निर्माता होता आणि चांगलं संगीत ऐकलं की त्यामागे धावणारा माणूस होता. त्याने बेसीला मोठ्या शहरांत आणण्यासाठी खटपट केली. बेसीबरोबर लेस्टर यंगही पुढे आला. हॉकिन्स की यंग हा वाद त्यानंतर खऱ्या अर्थाने सुरू झाला.

रेडिओवरच्या वादनाला आणखी एक मोल होतं. त्या काळच्या दहा इंची तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावत. नाचघरात मात्र वादक हवा तितका वेळ घेई, आणि प्रसारणात ते ऐकू येई. विल्यम सेव्हरी नावाच्या ध्वनिअभियंत्याने १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात अशी कितीतरी प्रसारणं स्वतःसाठी मोठ्या तबकड्यांवर उतरवून ठेवली. २०१० मध्ये हार्लेममधल्या नॅशनल जॅझ म्युझियमने तो संग्रह मिळवला. ज्या वादकांना आपण तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांवरून तोलत आलो, त्यांना मोकळेपणाने वाजवताना ऐकलं की आधीचे निवाडे घाईचे वाटू लागतात.

१ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकन वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बंदी घातली. रेडिओवर आणि ज्यूकबॉक्समध्ये तबकड्या वाजतात, मग जिवंत वादकाला काम कुठून मिळणार, हा संघटनेचा सवाल होता आणि मला तो रास्तच वाटतो. शेवटच्या मोठ्या कंपन्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये तडजोड केली. नेमक्या याच काळात न्यूयॉर्कच्या क्लबांत बीबॉप, म्हणजे जॅझची नवी, वेगवान आणि गुंतागुंतीची शैली, आकार घेत होतं आणि त्याच्या तबकड्या जवळपास निघाल्याच नाहीत. त्यामुळे सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि गिलेस्पी बहुतेक श्रोत्यांपर्यंत पोहोचले ते एकदम, पूर्वतयारीशिवाय. स्विंगपासून, म्हणजे गुडमन-बेसींच्या नाचाच्या जॅझपासून, तिथपर्यंतच्या पायऱ्या कुणी ऐकल्याच नव्हत्या. जुन्या न्यू ऑर्लिन्स शैलीवर प्रेम करणाऱ्यांना हे संगीतच वाटेना. नव्यांनी त्यांना 'मोल्डी फिग', म्हणजे बुरशी आलेलं अंजीर, असं नाव ठेवलं.

सप्टेंबर १९४७ मध्ये हा वाद थेट रेडिओवर लढला गेला. म्युच्युअल नेटवर्कवर, सरकारी बचत रोख्यांच्या प्रचारासाठी, दोन संघ समोरासमोर आले. जुन्या शैलीचा संघ समीक्षक रुडी ब्लेशचा. आधुनिकांचा संघ समीक्षक बॅरी उलानोव्हचा. त्यात पार्कर, गिलेस्पी, लेनी ट्रिस्टानो आणि मॅक्स रोच. आधुनिकांनी 'टायगर रॅग' ही जुन्यांची लाडकी रचनासुद्धा आपल्या पद्धतीने वाजवून दाखवली. श्रोत्यांनी टपालाने कौल दिला, आधुनिक जिंकले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना आणखी एक कार्यक्रम मिळाला. ती प्रसारणं आज ऐकताना कौलाची आठवणही राहत नाही. पार्कर किती निर्धास्तपणे वाजवतो, त्याकडेच कान लागतात.

नाव न सांगता तबकडी ऐकवायची आणि वादक ओळखायला लावायचा, ही 'ब्लाइंडफोल्ड टेस्ट' समीक्षक लेनर्ड फेदरने १९४६ मध्ये 'मेट्रोनोम' मासिकात सुरू केली. पुढे ती 'डाउनबीट'मध्ये गेली. गोरा वादक कोणता आणि कृष्णवर्णीय कोणता हे नुसत्या कानाने सांगता येतं, असं ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिज म्हणत असे. १९५१ मधल्या चाचणीत तो पुन्हा पुन्हा चुकला. आवडीच्या वादात ऐकलेलं किती आणि आधीपासून मनात धरलेलं किती, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

अमेरिकेबाहेरच्या रसिकांसाठी मात्र एकच आवाज होता, विलिस कोनोवर. ६ जानेवारी १९५५ पासून 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या अमेरिकी सरकारच्या परदेशी श्रोत्यांसाठीच्या रेडिओ सेवेच्या शॉर्टवेव्हवर त्याने जॅझचा कार्यक्रम केला, तो १९९६ मध्ये त्याचं निधन होईपर्यंत. आवाज खर्जातला, बोलणं अगदी सावकाश. लहरींच्या खरखरीतून आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीतून ऐकणाऱ्याला प्रत्येक वादकाचं नाव कळावं, म्हणून. रशिया, पोलंड, हंगेरी अशा देशांत मुलं रात्री दारं लावून तो कार्यक्रम टेपवर उतरवून घेत आणि त्यावरून सुरावटी शिकत. सोव्हिएत संघात मनाईचं संगीत जुन्या एक्स-रे फिल्मवर कोरून विकलं जाई. १९५९ मध्ये कोनोवर वॉर्सा विमानतळावर उतरला तेव्हा त्याच्या स्वागताला गर्दी लोटली होती. त्याच्या मायदेशात त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं, कारण १९४८ च्या कायद्यानुसार ही सेवा अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी नव्हतीच. कोनोवर जे निवडेल तेच तिकडच्या श्रोत्यांसाठी जॅझ. एका माणसाच्या आवडीचं इतकं ओझं कलेच्या इतिहासात क्वचितच कुणी वाहिलं असेल, आणि त्याने ते जपून वाहिलं.

पुढच्या काळात जबाबदारी छोट्या स्टेशनांनी उचलली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआरवर फिल शाप १९८१ पासून चाळीस वर्षं सकाळी फक्त पार्करबद्दल बोलत आणि त्याला वाजवत राहिला. एखाद्या मुद्रणाची तारीख, खोली, कोण उशिरा आला, हे सगळं तो सांगत बसे. काही श्रोते वैतागत, काहींचा दिवस त्याशिवाय सुरू होत नसे. मी दुसऱ्या गटातला.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चाहत्यांना रेडिओचं अजून एक ऋण मानावं लागतं. २९ नोव्हेंबर १९५७ ला कार्नेगी हॉलमध्ये तो पियानोवादक थेलोनियस मंकबरोबर वाजवला. त्या जोडीची मुद्रणं फारच थोडी, त्यामुळे मंकच्या सहवासात कोल्ट्रेन किती बदलला यावर रसिक जवळजवळ अर्धशतक अंदाजानेच भांडत होते. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'ने परदेशी श्रोत्यांसाठी ती मैफल मुद्रित केली होती. त्या टेप वॉशिंग्टनमधल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या कपाटात पडून राहिल्या. जानेवारी २००५ मध्ये तिथल्या लॅरी ॲपलबॉमला जुन्या टेप डिजिटल करताना त्या सापडल्या आणि त्याच वर्षी त्या प्रकाशित झाल्या.