नर्सेसच्या संघटनेला वेगळं फाउंडेशन कशाला? ब्रिटनच्या आरसीएनची पार्श्वभूमी

ब्रिटनमधली नर्सेसची सगळ्यात मोठी संघटना म्हणजे रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग, सगळे आरसीएनच म्हणतात. संघटना १९१६ ची, पण तिचं वेगळं धर्मादाय फाउंडेशन निघालं थेट २०१० मध्ये. एवढी वर्षं का लागली? कागदपत्रं हा त्यातला छोटा भाग. नर्सेसच्या नावाने लोकांकडून पैसे गोळा करावेत का, केले तर कशासाठी, आणि किल्ल्या कुणाच्या हातात, यावरून तिथे आधी भरपूर भांडून झालेलं आहे.

सुरुवात १८५५ पासून करावी लागते. क्रिमियाचं युद्ध चालू असतानाच नोव्हेंबरात लंडनला सभा भरली आणि तिथे जखमी सैनिकांची सेवा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने नाइटिंगेल फंड निघाला. सैनिकांनी आपला एकेका दिवसाचा पगार दिला, बाकी लोकांनी दिले, मिळून ४४ हजार पाउंडांच्या वर रक्कम जमली आणि त्यातून १८६० मध्ये सेंट थॉमस हॉस्पिटलात नर्सिंगची शाळा सुरू झाली. पैसा शिक्षणासाठी होता म्हणून त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही.

घोडं अडलं ते शिक्षणानंतरच्या आयुष्यावर. त्या काळातली नर्स म्हणजे हॉस्पिटलातच राहणार, तिथेच जेवणार, युनिफॉर्म तिथला, हातात येणारा पगार थोडका, लग्न केलं की बहुतेक ठिकाणी नोकरी गेली आणि नाही केलं तर म्हातारपणी कंबर गेल्यावर जायचं कुठे याचं उत्तर कुणाकडेच नाही. १८८७ मध्ये हेन्री बर्डेट नावाच्या, शेअर बाजारात आणि हॉस्पिटलच्या कारभारात दोन्हीकडे ऊठबस असलेल्या माणसाने नर्सेससाठी पेन्शन फंड काढला. नर्सने स्वतः हप्ता भरायचा, वर बँकवाल्या धनिकांनी भर घालायची. योजना काही वाईट नव्हती.

पण त्याच वर्षी एथेल बेडफर्ड फेनविक यांनी ब्रिटिश नर्सेस असोसिएशन काढली. या बाई जबरदस्त. चोविसाव्या वर्षी सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलच्या मेट्रन, म्हणजे तिथल्या सगळ्या नर्सेसच्या प्रमुख, झालेल्या, लग्नानंतर नोकरी सोडली पण मैदान सोडलं नाही. त्यांची मागणी एकच, नर्सची सरकारी नोंदणी व्हायला पाहिजे, जशी डॉक्टरची होते तशी. बर्डेटशी त्यांचं फाटलं ते यावरूनच, आणि खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेलचासुद्धा नोंदणीला विरोध होता. रजिस्टरमध्ये नाव लिहिलं म्हणून कुणी चांगली नर्स होत नाही, असं काहीसं नाइटिंगेलचं म्हणणं, आणि त्यात तथ्य नव्हतं असं नाही.

मग पहिलं महायुद्ध. हॉस्पिटलांत थोडंफार शिकलेल्या स्वयंसेवक मुली आणि तीन-तीन वर्षं घासून शिकलेल्या नर्सेस एकाच वॉर्डात, बाहेरच्या माणसाला फरक कळेना. १९१६ मध्ये रेड क्रॉसचे सर आर्थर स्टॅन्ली, माजी मेट्रन सेरा स्विफ्ट आणि गाय्ज हॉस्पिटलचे सर कूपर पेरी यांनी कॉलेज ऑफ नर्सिंग काढलं, सुरुवातीला सभासद फक्त ३४. कॉलेजला पैसा पाहिजे होता, तर १९१७ मध्ये नेशन्स फंड फॉर नर्सेस सुरू झाला. चालवणाऱ्या बायकांच्या समितीत नाटकांतल्या नामवंत नट्या होत्या, त्यामुळे पैसे गोळा करायची कला त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. फंडाचे हेतू दोन होते. एक, कॉलेजला भांडवल. दुसरा, युद्धात तब्येतीने खचलेल्या, अडलेल्या नर्सेसना मदत.

दुसऱ्या हेतूवरून फेनविकबाईंचा तिळपापड झाला. त्या स्वतः नर्सिंगचं एक साप्ताहिक चालवायच्या, त्यातून त्यांनी झोडपायला सुरुवात केली. ज्यांनी युद्धात राब राब राबून जखमींची सेवा केली त्यांच्या नावाने जगापुढे हात पसरता? त्यांना पगार नीट द्या, पेन्शन द्या, कायद्याने ओळख द्या, मग दानाची वेळच येणार नाही. माझ्या मते मुद्दा शंभर टक्के बरोबर होता, पण कायदा येईपर्यंत आजारी नर्सचं घरभाडं थांबत नाही ना. आणि त्यांना दानाचंच वावडं होतं म्हणावं तर तसंही नाही. १९१२ मध्ये कोलोनला नर्सेसची आंतरराष्ट्रीय परिषद भरली तिथे नाइटिंगेलचं स्मारक म्हणून शिक्षणाला वाहिलेली संस्था काढा, ही सूचना याच बाईंची, ज्यांचं नाइटिंगेलशी कधी पटलं नाही! ती संस्था १९३४ मध्ये उभी राहिली. म्हणजे शिकायला पैसा चालतो, पोटाला चालत नाही.

नोंदणीचा कायदा १९१९ च्या डिसेंबरात झाला आणि रजिस्टरवर पहिलं नाव फेनविकबाईंचं लागलं. कॉलेजचं मात्र दानावर छान चाललं होतं. लेडी काउड्रे यांनी लंडनच्या कॅव्हेंडिश स्क्वेअरमध्ये जागा घेऊन दिली, कॉलेजची इमारत १९२६ मध्ये उघडली, आणि हा पैसा त्यांच्या नवऱ्याच्या मोठमोठ्या बांधकामांच्या ठेक्यांतून आणि मेक्सिकोच्या तेलातून आलेला. १९२८ ला शाही सनद मिळाली, 'रॉयल' १९३९ ला लागलं. पुरुष नर्सेसना आत घ्यायला मात्र १९६० उजाडलं, त्याबद्दल न बोललेलं बरं.

आता खरी गोची. कॉलेज स्थापन करतानाच ठरलेलं की ही ट्रेड युनियन नव्हे. पण पगाराच्या वाटाघाटी करता करता ती युनियन व्हायला लागली आणि १९७० च्या दशकात तशी नोंदही झाली. एकाच छपराखाली मालकाशी भांडणारी युनियन, अभ्यासक्रम चालवणारं कॉलेज आणि अडलेल्या नर्सला मदत करणारी धर्मादाय संस्था. देणगीदाराने आजारी नर्ससाठी दिलेला पैसा पगाराच्या आंदोलनात जातोय का, अशी नुसती शंका आली तरी पंचाईत. आपल्याकडे हे पहिल्यापासून वेगवेगळं आहे, युनियन कामगार कायद्याखाली (आधी १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता) आणि महाराष्ट्रात ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे १९५० च्या कायद्याखाली, त्यामुळे इथल्या एखाद्या नर्सेस संघटनेने उद्या शिष्यवृत्तीसाठी किंवा आजारपणाच्या मदतीसाठी फंड काढायचं मनावर घेतलं तर ट्रस्ट वेगळा आणि हिशेब वेगळा हे सुरुवातीलाच करून टाकावं, नंतर वेगळं काढणं म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वाटण्या.

आरसीएनने ते २०१० मध्ये केलं. आरसीएन फाउंडेशन ही स्वतंत्र चॅरिटी झाली, तिचे विश्वस्त वेगळे. शिक्षणासाठी अनुदान आणि अडचणीतल्या नर्सेस, मिडवाइफ, हेल्थकेअर असिस्टंट यांना मदत, अशा दोन्ही गोष्टी ती करते, आणि १९१७ मध्ये रान पेटलं ते यातल्या दुसरीवरून. मदत मिळायला आरसीएनचं सभासद असावंच लागतं असंही नाही. २०२० मध्ये कोविडच्या वेळी टिकटॉकने एकट्याने ५० लाख पाउंड दिले ते याच फाउंडेशनला, कारण एवढा मोठा चेक युनियनच्या नावाने फाडायला कुठली कंपनी धजावेल?

आणि डिसेंबर २०२२ मध्ये पगारासाठी इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या नर्सेस संपावर गेल्या. संपावरच्या नर्सेसना जे पैसे मिळाले ते युनियनच्या फंडातून, फाउंडेशनच्या तिजोरीला त्यासाठी हात लावायचा प्रश्नच नव्हता.