सोलो वेगळं, सेल्फ-सपोर्टेड वेगळं

२४ तासांची माउंटन बाइक शर्यत कुणी सोलो गटात पूर्ण केली की बातमी ठरलेली: 'कुणाच्याही मदतीशिवाय, एकट्याने!' हे वाचलं की मला राग येतो, कारण त्या रात्री जागलेली माणसं मी पाहिली आहेत.

बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड, करणाऱ्यांना सेल्फ-सपोर्टेड म्हणजे काय ते समजावायला नको. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास, पंक्चर आपलं आपण काढायचं, आपली मदतीची गाडी कंट्रोलखेरीज, म्हणजे ठरलेल्या तपासणी थांब्यांखेरीज, कुठे भेटली की राइड बाद. घोळ होतो तो हाच अर्थ 'सोलो'ला चिकटवल्यामुळे.

सोलोच्या विरुद्ध शब्द आहे संघ. २४ तासांची शर्यत मुळात संघांचीच. १९९२ मध्ये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या कनेनला ती सुरू झाली ती आळीपाळीने फेऱ्या मारणाऱ्यांसाठी. १९९६ मध्ये जॉन स्टॅमस्टॅड या सायकलपटूने स्वतःच्याच नावाची चार रूपं करून चौघांचा संघ म्हणून नोंदणी केली आणि सगळ्या फेऱ्या एकट्याने मारल्या. सोलोचा अर्थ एवढाच: पेडल दुसरं कुणी मारणार नाही. बाटली कोण भरतं, साखळीला तेल कोण घालतं, याच्याशी त्या शब्दाचा काही संबंध नाही.

ॲरिझोनात टूसॉनजवळ फेब्रुवारीत '२४ अवर्स इन द ओल्ड प्वेब्लो' होते. वाळवंटातली साधारण २६ किलोमीटरची फेरी, दुपारी १२ ते दुसऱ्या दिवशी दुपारी १२. तिथे एका मित्रासाठी मी रात्रभर पिटमध्ये, म्हणजे फेऱ्यांच्या मधे थांबायच्या जागी, होतो. दिव्याची बॅटरी चार्ज करून ठेवायची, कोरडे हातमोजे, मीठ लावलेले उकडलेले बटाटे. मध्यरात्रीनंतरच्या एका फेरीत तो आला तो पोटरीला चोयाचा गोळा चिकटवूनच. हे निवडुंग हाताने उपटायला गेलात तर बोटांत घुसतं, म्हणून तिथे जवळ कंगवा ठेवतात. कंगव्याचे दात काट्यांच्या मुळाशी सरकवायचे आणि एका झटक्यात गोळा उडवायचा. मी तो उडवला, दुसऱ्याने साखळी पुसून तेल घातलं, तेवढ्यात मित्राने दोन बटाटे खाल्ले. पहाटे तीनला 'बस, आता नाही' म्हणत तो खुर्चीत बसला, तेव्हा जॅकेट चढवून आम्हीच त्याला उठवलं. हे सगळं नियमात बसतं. तो सोलोच होता.

आता टूर डिव्हाइड ही सलग वाटेची, सेल्फ-सपोर्टेड शर्यत घ्या. कॅनडातल्या बॅन्फपासून न्यू मेक्सिकोतल्या अँटिलोप वेल्सपर्यंत, रॉकी पर्वतांच्या कडेकडेने, सुमारे ४,४०० किलोमीटर. तिथे मी त्याच मित्राला ठरवून गाठून बटाटे दिले असते, तर ते नियमाबाहेर गेलं असतं. पण म्हणून सगळं ओझं पाठीवर घेऊन निघायचं आणि कुणाकडून काही घ्यायचं नाही, असंही नाही. बीआरएमवाले इथेच फसतात. मोटेलमध्ये झोपा, हॉटेलात पोटभर जेवा, सायकलच्या दुकानातून नवं चाक घ्या, पुढच्या गावच्या पोस्टात स्वतःच्या नावाने पार्सल पाठवून ठेवा. सगळं चालतं. प्रश्न एकच विचारायचा: मला मिळालं ते मागून येणाऱ्यालाही तसंच मिळालं असतं का? मोटेलची खोली पैसे मोजणाऱ्या कुणालाही मिळते. वाटेवरच्या गावात मावसभाऊ राहत असेल, तर त्याच्याकडची खोली तुम्हालाच मिळणार. म्हणून विकतचा पिझ्झा चालतो आणि मावसभावाने मायेने आणलेला डबा चालत नाही. नवख्याला हा निष्ठुरपणा वाटतो. मला मात्र हा नियम मनापासून पटतो: ज्याचे सगेसोयरे वाटेत जास्त, त्याची शर्यत सोपी व्हायला नको. स्टॅमस्टॅडने १९९९ मध्ये याच वाटेचा, ग्रेट डिव्हाइडचा, कॅनडाच्या सीमेपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंतचा अमेरिकेतला भाग १८ दिवस ५ तासांत काढला. त्या राइडला दोन्ही शब्द लागतात, सोलो आणि सेल्फ-सपोर्टेड.

बाकी फेऱ्या की सलग वाट, पिटमधली खुर्ची की हँडलला बांधलेल्या बॅगा, हे फोटो पाहूनही कळतं.

मागे मित्राची गाडी, गाडीत खिचडीचा डबा आणि वर 'सेल्फ-सपोर्टेड' लिहायचं, हे मला अजिबात खपत नाही. सपोर्ट घेतला तर घेतला म्हणावं, त्यात कमीपणा कसला? रस्त्यावरच्या शर्यतीतही तेच. लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' सोलो पूर्ण केली. क्रू तर तिथे गृहीतच असतो. त्यांचा एकही किलोमीटर त्यामुळे कमी होत नाही. उलट 'मदतीशिवाय' असं लिहिलं की गाडीत दिवसरात्र डोळे ताणून बसलेली, दर थोड्या वेळाने बाटली पुढे करणारी माणसं त्या गोष्टीतून पुसली जातात.